भिंतीआडची पेशी श्वास कशी घेते : ठाण्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

रुग्ण : मुलगी, वय १३, वजन ४२ किलो, इयत्ता आठवी. टाइप १ डायबेटीस, निदान वयाच्या आठव्या वर्षी. दिवसाला चार इंजेक्शनं, मिळून साधारण ३८ युनिट इन्सुलिन. राहणं कळव्याला. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीन ऑपरेटर, आई घरी शिवणकाम करते, आजी सोबत असते. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये डायबेटीस एज्युकेटर आहे आणि या मुलीला पाच वर्षं ओळखते. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न असा होता की, जिवंत पेशी पॉलिमरच्या आवरणात बंद करून शरीरात सोडण्याचा उपचार या मुलीसाठी घ्यायचा का, आणि त्यासाठी शहापूरकडची जमीन विकायची का.

सुरुवात माझ्या चुकीने झाली. वडिलांचा फोन आला तेव्हा ओपीडी भरलेली होती. "मॅडम, आता सुया बंद होणार. पोटात गोळ्या सोडतात म्हणे, त्यात इन्सुलिन करणाऱ्या पेशी असतात." मी अर्धंच ऐकलं आणि म्हटलं, "कुठलं तरी फसवं असेल, नादी लागू नका." ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या तारखेला ते आले नाहीत. पाच वर्षांत एकदाही न चुकलेली तारीख चुकली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या आशेला उत्तर न देता दार लावून घेतलं होतं.

दहा दिवसांनी आई एकटीच आली. शिवणाच्या पिशवीतून चार घड्या घातलेलं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. "जमीन विकायला काढली आहे. गिऱ्हाईक मिळालंय, इसार घ्यायचा बाकी आहे. हे ऐकत नाहीत. तुम्ही एकदा नीट समजावा, नाहीतर मला तरी समजावा." ही बाई पाच वर्षं रात्री तीनचा गजर लावून उठते, झोपलेल्या मुलीचं बोट टोचते, शुगर लो असेल तर तिला बसवून ग्लुकोजचं पाणी पाजते. तिला "नादी लागू नका" एवढंच सांगून कसं भागेल?

पत्रक

पत्रक मुंबई परिसरातल्या एका खासगी केंद्राचं होतं. नाव लिहीत नाही. मजकूर असा : पोटाच्या चरबीतून स्वतःच्या स्टेम पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी, काढणार, त्या वाढवून पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद करणार, त्या गोळ्या दुर्बिणीतून पोटात सोडणार. रिजेक्शन नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नाहीत, सहा आठवड्यांत इन्सुलिन टप्प्याटप्प्याने बंद. खर्च आठ लाख.

हे पत्रक नुसतं थापांचं असतं तर काम सोपं होतं. त्यात खऱ्या गोष्टीही होत्या. १९८० साली लिम आणि सन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाचा उल्लेख होता, तो खरा आहे. त्यांनी स्वादुपिंडातली इन्सुलिन करणारी बेटं, ज्यांना डॉक्टर 'आयलेट' म्हणतात, ती अल्जिनेट नावाच्या, शैवालापासून काढलेल्या पॉलिमरच्या गोळ्यांत बंद केली आणि डायबेटीस असलेल्या उंदरांची शुगर दोन-तीन आठवडे ताळ्यावर राहिली. त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या थॉमस चँग यांनी 'कृत्रिम पेशी' ही कल्पना मांडली होती : आत उपयोगाचं काहीतरी ठेवायचं आणि भोवती निवडक गोष्टीच आत-बाहेर सोडणारा पातळ पडदा.

कल्पना खरोखर सुंदर आहे. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा बेटांमधल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी, म्हणजे बीटा पेशी, मारून टाकते. दुसऱ्याच्या पेशी आणून घातल्या तर त्यांच्यावर दुहेरी हल्ला होतो : परक्या म्हणून एक, बीटा म्हणून दुसरा. मग त्यांच्याभोवती गाळणी लावली तर? रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात. ग्लुकोजचा रेणू १८० डाल्टनचा, इन्सुलिन सुमारे ५,८०० चं. हे आरपार जातील. अँटिबॉडी सुमारे दीड लाख डाल्टनची, ती अडेल. हल्ला करणाऱ्या टी पेशी तर अख्ख्या पेशी, सात-आठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). त्यांना वाटच नाही. चहा खाली उतरतो, पत्ती वर राहते.

मी आईला म्हटलं, रविवारी सगळे या. क्लिनिक बंद असतं, कोणी मध्ये येणार नाही. मुलीलाही आणा.

रविवार

मला दाखवायचं होतं की या गोळ्या म्हणजे नेमकं काय. अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालापासून निघतं. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ते शैवाल गोळा करतात. दाताच्या डॉक्टरकडे कवळीचं माप घेताना तोंडात भरतात त्या लगद्यातही तेच असतं. सोडियम अल्जिनेटचा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडला की कॅल्शियमचे आयन त्याच्या लांब साखळ्यांना एकमेकींत अडकवतात आणि थेंबाचा जागच्या जागी जेलीचा मणी होतो. उष्णता नको, तिखट रसायन नको. म्हणूनच जिवंत पेशींना हे मानवतं.

शंभर मिली कोमट पाण्यात दोन ग्रॅम अल्जिनेट मी आदल्या रात्रीच भिजवलं होतं, कारण त्याच्या गुठळ्या लवकर फुटत नाहीत. सकाळी त्यात बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं ड्राय यीस्ट चमचाभर मिसळलं. दुसऱ्या भांड्यात कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. मुलीच्या हातात सुई नसलेली सिरिंज दिली. तिचे पहिले आठ-दहा मणी शेपटीचे झाले, बेडकाच्या पिल्लांसारखे. हात खूप खाली होता. मग तिने हात वर घेतला, दाब सारखा ठेवला आणि टपटप गोल मणी पडायला लागले. भिजलेल्या साबुदाण्यासारखे, फिकट बदामी. आजींनी एक मणी बोटावर घेऊन दाबून पाहिला.

काही मण्यांत यीस्टऐवजी खायचा लाल रंग घातला होता. ते साध्या पाण्यात टाकले, तर थोड्या वेळात पाणी गुलाबी आणि मणी फिके. लहान रेणू असा बाहेर येतो. यीस्टचे मणी मी कोमट साखरपाण्याच्या ग्लासात टाकले. ते तळाला बसले. आम्ही चहा घेतला. वीसेक मिनिटांत मण्यांच्या अंगावर मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले, आणि एकेक मणी बुडबुड्यांसकट वर यायला लागला.

वडील खुर्चीतून उठून ग्लासाजवळ आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे आतल्या पेशी जिवंत आहेत. साखर आत जातेय, त्या काम करतायत, वायू बाहेर येतोय. मग चालतंय की मॅडम हे!"

इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. मी गाळणी दाखवली आणि गाळणी उत्तम चालली. पत्रकात जे होतं ते मीच माझ्या टेबलावर खरं करून दाखवलं होतं. दोन क्षण मला काही सुचलं नाही. प्रश्न मुलीनेच विचारला : "पण ताई, आतमध्ये ते श्वास कसा घेतात?"

यीस्ट श्वास न घेताही जगतं. हवा नसली तर साखर आंबवून काम भागवतं, बुडबुडे त्याचेच. बीटा पेशीला ती सोय नाही. तिला ऑक्सिजन लागतोच, आणि भरपूर लागतो. ऑक्सिजन कमी पडला की ती मरण्याच्या बऱ्याच आधी इन्सुलिन सोडणं कमी करते. माझ्या प्रयोगात जे दिसलं नाही, नेमकं तेच या उपचाराचं चाळीस वर्षांचं दुखणं आहे.

हवा कुठून येणार

माणसाच्या स्वादुपिंडात साधारण दहा लाख बेटं असतात. वजनाने ती स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच, पण रक्ताचा वाटा त्यांच्याकडे कितीतरी पट मोठा जातो. प्रत्येक बेटात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बेट काढून घेतलं की हे जाळं तुटतं. उघडं बेट यकृतात सोडलं तर काही आठवड्यांत त्याच्यात नव्या वाहिन्या शिरतात. पण आवरणात बंद केलेल्या बेटात वाहिनी शिरूच शकत नाही, कारण वाहिनी शिरेल एवढं भोक ठेवलं तर टी पेशीही शिरेल. मग ऑक्सिजन झिरपत झिरपत जेवढा पोचेल तेवढाच. ऊतीतून तो असा साधारण १५० ते २०० मायक्रॉनपर्यंत पोचतो, दोन-तीन केसांच्या जाडीएवढा.

वडिलांना मी विचारलं, "सकाळी लोकलने कळव्याहून ठाण्याला येताना दारात असता की आत?" ते म्हणाले, "दार मिळालं तर नशीब." दारातल्याला वारा लागतो, मधे अडकलेल्याचा जीव घुसमटतो. पेशींच्या गोळ्यातही तसंच होतं. कडेच्या पेशी जगतात, मधल्या आधी मरतात. आणि मेलेल्या पेशी नुसत्या पडून राहत नाहीत. त्यांच्यातून बाहेर पडणारे तुकडे त्या गाळणीतून झिरपतात आणि ज्या यंत्रणेपासून लपायचं होतं तिलाच खबर देतात.

तिची माणसं येतात ती अशी. पोटात परकी वस्तू सापडली की मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिला चिकटतात. गिळता येत नाही म्हणून तिच्याभोवती वण विणायला लागतात. वण म्हणजे जखम भरल्यावर राहते तीच राठ ऊती. काही आठवड्यांत मण्यावर साय धरते. पडदा फाटत नाही, अँटिबॉडी आत जात नाही, गाळणी शाबूत असते. पण बाहेरून लिंपलेल्या त्या थराने हवा अडते आणि आतली पेशी गुदमरते. शिवाय वण विणणाऱ्या पेशी जे लहान रासायनिक निरोप सोडतात, ते डस्ट चहाच्या भुकटीसारखे गाळणीतून खाली उतरतात आणि बीटा पेशीला इजा करतात. अल्जिनेट पुरेसं शुद्ध नसेल, शैवालातली प्रथिनं किंवा जिवाणूंचे अंश त्यात राहिले असतील, तर ही साय आणखी लवकर धरते. माझ्या बाजारच्या अल्जिनेटचे मणी शरीरात घालण्याच्या लायकीचे अजिबात नव्हते, हेही मी त्यांना सांगितलं.

२०१५ साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की मणी मोठे केले, दीड मिलीमीटरचे, तर उंदरांत आणि माकडांत त्यांच्यावर वण कमी धरतो. वाचून मलाही वाटलं होतं, सुटला प्रश्न. मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडच्या मागे मी जो हिशोब केला होता, तोच त्या रविवारी पुन्हा मांडला. वडील मशीनवर काम करतात, मायक्रॉन त्यांना मला समजावून सांगावा लागला नाही.

प्रत्यारोपणात वजनाच्या किलोमागे साधारण दहा हजार बेटं लागतात असं धरतात. मुलगी ४२ किलोची, म्हणजे चार लाख वीस हजार बेटं. एक सरासरी बेट १५० मायक्रॉन व्यासाचं. सगळ्या उघड्या बेटांचं मिळून आकारमान पाऊण मिलीलिटरही भरत नाही, चहाच्या चमच्याच्या तळाशी राहील एवढं. आता प्रत्येक बेटाला दीड मिलीमीटरचा मणी द्या. व्यास दसपट, म्हणून आकारमान हजारपट. पाऊण मिलीलिटरचं पाऊण लिटर झालं. वडिलांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलून मुलीच्या पोटासमोर धरली. कोणी काही बोललं नाही.

एका मण्यात अनेक बेटं कोंबली तर जागा वाचते, पण मग लोकलच्या डब्यातली गर्दी तीच. मणी लहान केला तर हवा पोचते, पण साय लवकर धरते. आवरण जाड केलं तर सुरक्षित, पण साखरेची बातमी आत उशिरा पोचते आणि इन्सुलिन बाहेर उशिरा येतं. जेवणानंतर शुगर चढून गेल्यावर आलेलं इन्सुलिन पुढे लो करतं. एक खिळा ठोकला की दुसरा निघतो.

माणसांवर काय झालं

आईने विचारलं, "म्हणजे हे कुणालाच लागू पडलं नाही?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर लांब आहे.

१९९४ मध्ये पॅट्रिक सून-शियाँग यांच्या गटाने एका रुग्णाला अल्जिनेटमधली बेटं दिली आणि नऊ महिन्यांनी तो इन्सुलिनच्या इंजेक्शनाशिवाय होता. पण त्याचं मूत्रपिंड आधीच बदललेलं होतं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच होती. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली एका माणसाच्या पोटात डुकराची बेटं अशाच मण्यांत घातली. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा काही मण्यांत जिवंत पेशी सापडल्या, त्या थोडंसं इन्सुलिनही करत होत्या. जीव तगला, पण त्या माणसाचं इंजेक्शन सुटलं नाही. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण जगणं आणि पुरेसं काम करणं यातलं अंतर त्यात उघड दिसतं.

मग मोठ्या कंपन्या उतरल्या. अमेरिकेतल्या व्हायासाइटने २०१४ पासून स्टेम पेशींपासून केलेल्या पेशी एका चपट्या पिशवीत घालून कातडीखाली ठेवल्या. पडद्याने प्रतिकार यंत्रणेला बऱ्यापैकी रोखलं, पण पिशवीभोवती वण धरला आणि पेशी तगल्या नाहीत. पुढच्या पिशवीला त्यांनी मुद्दाम भोकं पाडली, वाहिन्या आत याव्यात म्हणून. अर्थात मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली. इस्रायलच्या एका कंपनीने तर पेशींच्या डबीत रोज बाहेरून ऑक्सिजन भरायची सोय केली आणि स्वीडनमध्ये चार जणांना ती बसवली. पेशी काही महिने जगल्या, इन्सुलिन नावापुरतं आलं. अमेरिकेतल्याच व्हर्टेक्स कंपनीने स्टेम पेशींपासून केलेल्या आपल्या पेशी बंद पिशवीत घालून चाचणी घेतली आणि मार्च २०२५ मध्ये ती थांबवली : धोका दिसला नाही, पण उपयोग होईल इतकं इन्सुलिन तयार होत नव्हतं.

गंमत नव्हे, दुःख असं की त्याच कंपनीच्या जवळजवळ तशाच पेशी पिशवीशिवाय, यकृताच्या रक्तवाहिनीत सोडल्या तेव्हा पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. पेशी चांगल्या आहेत; भिंत अजून जमलेली नाही. मात्र भिंत नाही म्हणून त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि त्या चाचणीतल्या एका रुग्णाचा मृत्यू बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराने झाला. तेरा वर्षांच्या मुलीला आयुष्यभर तशी औषधं द्यायची की इन्सुलिन? मी दहादा विचारलं तरी माझं उत्तर इन्सुलिनच येतं. म्हणूनच भिंत हवी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

एका ठिकाणी ती जमलीही आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोळ्याच्या पडद्याच्या एका दुर्मीळ आजारासाठी 'एन्सेल्टो' मंजूर केलं. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी नळी, आत जिवंत पेशी. ती डोळ्यात बसवतात आणि पेशी तिथल्या तिथे औषध स्रवत राहतात. तिथे का जमलं? पेशी थोड्या लागतात, औषध अतिशय कमी लागतं, साखर मोजायची नसते आणि डोळ्यात प्रतिकार यंत्रणा तशी सौम्य असते.

चरबीतली गफलत

हा भाग वडिलांनीच पकडला, मी नाही. पाण्याची बाटली खाली ठेवत ते म्हणाले, "पण मॅडम, यात लिहिलंय पेशी हिच्याच. मग हिचं शरीर त्यांना परकं का मानेल? आणि परकं मानणार नसेल तर भिंत कशाला?"

पत्रक तिथेच फाटत होतं. चरबीतून काढलेल्या पेशी इन्सुलिन करत नाहीत. त्या तशाच मण्यात भरल्या तर कितीही उत्तम मणी असला तरी आत चुकीचा माणूस बसवल्यासारखं आहे. चीनमधल्या ज्या रुग्णाचा दाखला पत्रकात होता, तो २०२४ साली प्रसिद्ध झालेला खरा दाखला आहे. तिच्याही चरबीतल्याच पेशी घेतल्या होत्या. पण त्या आधी रसायनांनी पूर्ण मागे, मूळ अवस्थेत नेल्या, मग टप्प्याटप्प्याने बेटांत वळवल्या, आणि मण्यात न घालता पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवल्या. पंच्याहत्तर दिवसांनी तिचं इन्सुलिन सुटलं. तिचं यकृत बदललेलं असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला चालू होतीच. पत्रकाने चरबी ठेवली आणि मधलं सगळं गाळलं.

शुगर बघून इन्सुलिन करणाऱ्या पेशी खरोखर काम करताहेत की नाही हे कळायला एक साधी रक्ततपासणी आहे, सी-पेप्टाइड. शरीर इन्सुलिन करतं तेव्हा त्याच्यासोबत तेवढंच सी-पेप्टाइड रक्तात येतं. पेनमधल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. मुलीचं सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य आहे. मी वडिलांना म्हटलं, तिथे फोन करा आणि एवढंच विचारा : आधीच्या रुग्णांचं सी-पेप्टाइड उपचाराआधी किती होतं आणि सहा महिन्यांनी किती आहे. आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. भारतात औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे; ती कुणालाही मोबाइलवर बघता येते.

त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा आवाज गोड होता. सी-पेप्टाइडबद्दल "ते प्रत्येकाचं वेगळं असतं, डॉक्टर भेटल्यावर सांगतील." नोंदणीबद्दल "सर, हे ट्रायल नाही, ही ट्रीटमेंट आहे."

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्टेम पेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण. बाकी सगळं, डायबेटीससकट, संशोधन. ते मंजूर चाचणीतच करायचं, आणि संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही. म्हणजे ट्रीटमेंट म्हटलं तर तिला मान्यता नाही, आणि ट्रायल म्हटलं तर आठ लाख मागता येत नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती पैशांचीही नव्हती. "सहा आठवड्यांत इन्सुलिन बंद" या ओळीची होती. टाइप १ च्या मुलीचं इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साठून ती एक-दोन दिवसांत आयसीयूत पोचते, आणि उशीर झाला तर तिथूनही परत येत नाही. हे मी मुलीसमोरच, पण शांतपणे सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं.

वडील बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आपल्याकडे असं खरं काही होतच नाही का?" होतं. रक्ताच्या कर्करोगावरची पहिली भारतीय कार-टी पेशी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याची पद्धत, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिली, टाटाचं संशोधन केंद्र खारघरला आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. आधी नोंदलेली चाचणी, मग मंजुरी, मग रुग्णाकडून पैसे, असा तो क्रम आहे. टाइप १ साठीही एक वेगळी वाट दिसते आहे. स्वीडनमधल्या उप्सालात एका रुग्णाला जनुकं बदललेली बेटं हाताच्या स्नायूत दिली. औषधं न देता ती टिकली आणि सी-पेप्टाइड दिसलं, त्याबद्दल २०२५ मध्ये छापून आलं. मात्रा लहान होती, इंजेक्शन सुटलं नाही. पण भिंत बाहेर बांधण्याऐवजी पेशीचीच ओळख पुसायची, ही कल्पना तिथे तगली. मी वडिलांना म्हटलं, मुलगी तेराची आहे. तिचे डोळे, मूत्रपिंडं, पाय आज जपले तर यातलं जे काही उद्या येईल ते घ्यायला ती धडधाकट असेल.

नंतर

इसार घेतला नाही. दलालाने दोन महिने तगादा लावला, मग सोडून दिला. जमिनीवर या पावसाळ्यात भाऊबंदांनी भात लावलं आहे. घरात सहमती झाली की दंडावर बसवून सतत शुगर मोजणारे सेन्सर महिन्याला दोन घ्यायचे. आईच्या शिवणकामातून एक, वडिलांच्या ओव्हरटाइममधून एक. शुगर ठरावीक आकड्याखाली गेली की सेन्सरचा गजर आपोआप वाजतो, त्यामुळे तीनचा गजर बंद झाला आहे. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ८.९ टक्क्यांवरून ७.८ वर आली. वडील अजून पूर्ण सावरलेले नाहीत. मागच्या भेटीत निघताना दाराशी थांबून म्हणाले, "मॅडम, ते बुडबुडे अजून डोळ्यासमोर येतात हो." मी त्यांना सांगितलं, माझ्याही येतात.

मुलीने उरलेलं अल्जिनेट घरी नेलं होतं. तिने पाणी उकळून थंड केलं, म्हणजे त्यातली हवा निघून जाईल, त्यात साखर घालून यीस्टचे मणी सोडले आणि वरून तेलाचा जाड थर दिला. दुसरा ग्लास तेलाशिवाय. दोन्हीकडे बुडबुडे आले. वहीत तिने दोन्ही ग्लासांची चित्रं काढली होती आणि खाली प्रश्न लिहिला होता : यीस्टला बिनहवेचं जमतं, तर बीटा पेशीला ते शिकवता येईल का?

मी तिला सांगितलं की बीटा पेशीचं काम साखर मोजण्याचं आहे. ती मोजते साखर जाळून. साखर पूर्ण जळली की पेशीत ऊर्जेचे रेणू वाढतात, त्यावरून तिला कळतं की रक्तात साखर किती आहे, आणि तेवढंच इन्सुलिन ती सोडते. यीस्टसारखी साखर अर्धवट आंबवायची वाट तिने मुद्दाम बंद ठेवली आहे, कारण ती वाट उघडी असली तर हिशोब चुकेल. हवा लागणं आणि अचूक मोजणं तिच्यात एकाच गोष्टीतून आलेलं आहे.

ती हे वहीत उतरवून घेत होती तेव्हा सेन्सरचा गजर वाजला. शुगर ७२, बाण खाली. तिने पेन ठेवलं, ग्लुकोज पावडरचे तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायली, पंधरा मिनिटं माझ्याशी शाळेच्या सहलीबद्दल बोलली, पुन्हा आकडा बघितला, ९४, आणि राहिलेली दोन वाक्यं पूर्ण केली.